भरलेल्या गाडीचं माप

रेवाच्या स्प्रिंगा घरी आल्या तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत बसले होते. कुरिअरवाल्याने खोका दारात टेकवला, कंबरेवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "माताजी, पत्थर मँगवाए हैं क्या?" मी म्हटलं, "नातीने मागवलंय बाबा, तिलाच विचार." हे मी मराठीतच म्हटलं. इतकी वर्षं लखनऊत काढूनही दमले की माझ्या तोंडून मराठीच येतं, आणि हल्ली मी सकाळी उठते तीच दमून. रेवा माझ्या मुलाची मुलगी. खाजगी कंपनीत नोकरी करते, मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देते. तिच्याकडे तीन जणांच्या हातून फिरलेली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आहे. त्या गाडीत मी कशी बसते ते वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरला पाठ आहे. आधी पाठमोरी होऊन स्वतःला आत टाकायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलट, आणि त्यात "अगं आई गं" जास्तीचं.

तिने खोका फोडून चारही स्प्रिंगा माझ्या मेथीवर मांडल्या. लालभडक होत्या. "आजी, देखो ना, कितनी सुंदर हैं." मी विचारलं, यांनी काय होतं? तर गाडी दीड इंच खाली बसते. खाली बसून काय करते? "अच्छी दिखती है. और मोड़ पर चिपक के चलती है." म्हणजे मला कळलं, की छान दिसते. दुसरं कारण नेहमी पहिल्याच्या मागून येतं. मला माहीत आहे, कारण माझ्या काळात मीही असंच एक दुसरं कारण शोधून काढलं होतं, तेही आकृतीसकट. पुढे ती म्हणाली, "रोज़ ऑफिस ले जानी है, इसलिए ज़्यादा नहीं गिरा रही." ते 'रोज़' ऐकलं आणि माझा हात मेथीवरच थांबला.

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. अलीगंजमध्ये आमच्या तळमजल्यावरच्या अडीच खोल्या होत्या, पुढे लांबट अंगण आणि त्याला लोखंडी फाटक. अण्णा रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर. मिरजेहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. डब्याच्या खालचं सगळं त्यांच्याकडे असायचं, चाकं आणि स्प्रिंगा. डब्यावरच्या भागाबद्दल त्यांना फारशी आस्था नव्हती, आणि मला वाटतं माणसांच्या बाबतीतही त्यांचं थोडं तसंच होतं. कपडे, केस, दिसणं यावर त्यांनी आयुष्यात कधी मत दिलं नाही. आई छावनीतल्या एका शाळेत लहान मुलांना गणित शिकवायची. अलीगंज शहराच्या एका टोकाला, छावनी दुसऱ्या. आधी सायकल रिक्षा, मग टेम्पो, मग परत रिक्षा. जाताना खांद्यावर पर्स, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा. येताना हेच सगळं, वर दळण, भाजी, अण्णांची औषधं.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. साडेपाचला स्टोव्हला पंप मारल्याचा, मग मोरीतल्या बादलीचा, मग पाटीवर खडू घासल्यासारखा अण्णांच्या दाढीचा. संध्याकाळचा एकच आवाज महत्त्वाचा होता, फाटकाच्या कडीचा. कडी एकदा वाजली तर बरं. दोनदा वाजली तर आई फार दमलेली, कारण पहिल्यांदा ती नीट लागायचीच नाही. दोनदा वाजली की त्या रात्री खिचडी. अण्णा तिला सरकारी खिचडी म्हणायचे, वरून कुणाचा तरी हुकूम आल्यासारखी ती रोज यायची. घरात आम्ही तिघेही दमलेले असायचो. आई कामाने, अण्णा रेल्वेलाइनवरच्या फिरतीने, आणि मी काहीच न करता. बी.एस्सी.ला होते, दुपारी एकपर्यंत घरी यायचे, आणि आई आली की खाटेवरून विचारायचे, "आज पण खिचडी का?" आज हे लिहिताना त्या मुलीला खाटेवरून कान धरून उठवावंसं वाटतं. पण माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत.

एका रविवारी अण्णा छावनीत फ्रिज बघायला गेले. एक फौजी अधिकारी निवृत्त होऊन डोंगरातल्या आपल्या गावी परत चालला होता आणि घरातलं सगळं विकत होता. अण्णा संध्याकाळी गाडी घेऊन आले. पिस्ता रंगाची, विलायती, दोनच माणसांची, वर कापडी छत. मागे एक कप्पा होता, त्यात मी आडवी बसायचे, ट्रंकेसारखी. आईने दारातून गाडीकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं आणि विचारलं, "यात पाणी गार होतं का?" अण्णा म्हणाले, "मी कशाला चालवू? मला कारखान्याची बस आहे. तू शीक." आम्हाला दोघींना वाटलं चेष्टा आहे. अण्णांनी त्यापूर्वी कधी चेष्टा केली नव्हती, हे आम्ही विसरलो.

छावनीतल्या मोकळ्या रस्त्यांवर, रविवारी सकाळी, आई चाळिशीत गाडी चालवायला शिकली, आणि मागच्या कप्प्यातून बघून बघून मीही. गणिताची बाई, त्यामुळे गिअर बदलताना पाढे म्हटल्यासारखं पुटपुटायची, "एक, दाब, दोन, सोड." गाडी बंद पडली की खाली उतरून तिच्या बॉनेटवर हात ठेवायची आणि म्हणायची, "चल बाई, माझं पण होत नाही, तरी करते ना?" पावसाळा संपेपर्यंत ती रोज एकटी शाळेत जायला लागली. पदर खोचलेला, शेजारच्या सीटवर वह्या, मागच्या कप्प्यात दळणाचा डबा. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, ती बघायची नाही. तिला सिग्नलच्या पलीकडे काही दिसतच नसे. आणि एका संध्याकाळी मी खाटेवर पडलेली असताना स्वयंपाकघरातून भाजणीचा वास आला. आई थालीपीठ लावत होती. मध्ये बोटाने भोकं पाडत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. सूर बरोबर नव्हता, पण गुणगुणत होती. गाडीमुळे आमच्या घरात थालीपीठ परत आलं. एवढं साधं त्रैराशिक मला तेव्हा मांडता आलं नाही, आणि मी भौतिकशास्त्र शिकत होते.

मला मांडता आलं ते वेगळंच. एका दुपारी मी आईबरोबर घरी येणार म्हणून शाळेबाहेर गाडीपाशी उभी होते. दोन तरुण अधिकारी जाताना थांबले. त्यातला उंच, इस्त्रीची घडी न मोडलेला, जरा वाकला, चाकांकडे पाहिलं आणि मित्राला म्हणाला, "गाड़ी तो कमाल की है, बस ऊँट पर बैठी हुई है." आणि गेला. खरंच होतं ते. आधीच्या मालकाने डोंगरातल्या रस्त्यांसाठी गाडीला उंच स्प्रिंगा बसवल्या होत्या, चाक आणि मडगार्डमध्ये हात आडवा जाईल एवढी फट दिसायची. त्या एका वाक्यावर मी चार महिने जगले. वाक्य मला उद्देशून नव्हतं, त्याने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं, या बारीकसारीक गोष्टी मी सोडून दिल्या. रद्दीवाल्याकडून परदेशी मासिकं आणून जमिनीला टेकलेल्या गाड्यांची चित्रं उशीखाली ठेवायला लागले. बाकीच्या मुली उशीखाली काय ठेवायच्या ते इथे लिहीत नाही, पण ते जास्त शहाणपणाचं होतं.

अण्णांना मी कॅलेंडरच्या पाठीमागे आकृती काढून दाखवली. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कशी स्थिर राहते, वगैरे. अर्धा तास बोलले. ते शेंगदाणे खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आईला विचार. गाडी तिची आहे." आईने कणीक मळता मळता एकच विचारलं, "रोज चालेल ना पण?" मी म्हटलं, "अगं, आत्ताच्यापेक्षा चांगली चालेल." "मग कर," ती म्हणाली. मला काहीतरी येतं, असं तिला वाटत होतं.

लाइनवर जाण्याआधी अण्णांनी मला एक वही दिली. पहिल्या पानावर स्वतः रेघा मारल्या होत्या. चार चाकं, आणि प्रत्येकासमोर दोन रकाने, 'रिकामी' आणि 'भरलेली'. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टीने मोजायचं, एकदा रिकामी गाडी आणि एकदा रोजची माणसं, रोजचं सामान भरून. "रिकामा डबा कुठलाही छान दिसतो," ते म्हणाले. "आमच्याकडे माणसं बसल्यावर तो किती खाली जातो ते लिहिल्याशिवाय कुणी डबा सोडत नाही. भरलेलीचा रकाना भरल्याशिवाय तूही गाडी फाटकाबाहेर काढायची नाहीस." मी म्हटलं, "हो अण्णा." हे 'हो' मी फार गोड म्हणायचे.

नन्हे मिस्त्री सत्तरीचे होते आणि चांगले सहा फूट उंच. त्यांना मी चचा म्हणायचे. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि विचारलं, "बिटिया, ये रोज़ की सवारी है कि नुमाइश की?" म्हणजे प्रदर्शनात मांडायची.

"रोज की, चचा."

"बैठता कौन है?"

"अम्मा. हलकी-सी हैं."

"हलका कोई नहीं होता, बिटिया," चचा म्हणाले. "सब सामान लेके चलते हैं." पण काम घेतलं. ट्रकच्या स्प्रिंगा वळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी आखूड स्प्रिंगा करून आणल्या. जुन्या काढताना ते स्प्रिंगेला साखळ्या बांधून दाबायचे आणि मला हाताने मागे सारायचे, "सामने मत खड़ी होइए, इसको तमीज़ नहीं है." जुन्या चारही स्प्रिंगा त्यांनी गोणपाटात बांधून माझ्या हातात दिल्या. "फेंकिएगा नहीं." मी त्या खाटेखाली सरकवल्या. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा मडगार्डखाली दोनच बोटं जात होती. शनिवारची दुपार मी नुसती तिच्याभोवती फिरण्यात घालवली. रिकामीचा रकाना चार वेळा मोजून भरला, अर्ध्या इंचाच्या आठव्या भागापर्यंत.

कडी दोनदा वाजली. गाडी कामावर नसल्यामुळे आई आठवडाभर टेम्पोने येत-जात होती. मी धावत गेले. "आई, पाचच मिनिटं गाडीत बस. मोजायचंय." ती पायरीवर टेकली होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती. "आत्ताच तर आले गं. कुकर लागू दे. उद्या बसते, हं?" उद्या म्हणजे रविवार. रविवारी सकाळी मला छावनीत जायचं होतं. मी आत आले, टेबलाशी बसले आणि प्रत्येक मापातून बरोबर एक इंच वजा करून भरलेलीचा रकाना भरून टाकला. आईचं वजन मी मनानेच पंचेचाळीस किलो धरलं. का पंचेचाळीस, कुणास ठाऊक. ती नेहमी कोपऱ्यात बसायची, कमी जागा घ्यायची, त्यावरून असेल. वह्या, दळण, डबा, पर्स यांना वजन असतं हे मला सुचलंच नाही, कारण ते मी कधी उचललं नव्हतं.

रविवारी मी एकटीच, रिकामी गाडी घेऊन छावनीत अधिकाऱ्यांच्या मेससमोरून तीन चकरा मारल्या, डोक्याला रुमाल बांधून. तिसऱ्या चकरेला मेसच्या फाटकावरच्या शिपायाने हात केला. "किसको ढूँढ रही हैं?" मी वर्णन सांगितलं. "वो साहब तो दो महीने हुए, पोस्टिंग पे गए." मी त्याला म्हटलं, मी सहज आले होते. मग सहज आल्यासारखं दिसावं म्हणून चौथी चक्कर मारली. त्या साहेबांचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

सोमवारी कॉलेजात लवकर जायचं होतं, म्हणून मी आईबरोबर निघाले. तिने गाडीत बसताना नुसतं म्हटलं, "अगं, रस्ता किती जवळ आला." शेजारी मी, माझ्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा, मागच्या कप्प्यात दळणाचा डबा आणि शाळेच्या कसल्या कार्यक्रमासाठी नेलेली पितळी समई. नदीच्या पुलाकडे जाताना रेल्वेचं फाटक लागायचं. रूळ रस्त्यापेक्षा उंच होते, म्हणजे चढायचं, रूळ ओलांडायचे आणि उतरायचं. आईने रोजच्यासारखा पहिला गिअर टाकला, रोजच्यासारखी चढली. आणि खालून असा आवाज आला, जसा पत्र्याचं पिंप दगडावर ओढल्यावर येतो. इंजिनच्या तळाला तेलाचं चेंबर असतं, त्याच्यावर गाडी दोन रुळांच्या मध्ये टेकून बसली. पुढची चाकं पलीकडच्या उताराकडे, मागची अलीकडे, भार एकाही चाकावर नाही. इंजिन बंद पडलं.

आईने तीन वेळा चावी फिरवली. पुटपुटत होती, "एक, दाब, एक, दाब." फाटकवाला झोपडीतून ओरडत आला, "बहनजी, हटाइए, गाड़ी का टाइम है." मागे सायकली, टेम्पो, एक दूधवाला, दोन रिक्षावाले. मग त्या लोकांनीच, सहा-सात जणांनी, आम्हाला उतरवून गाडी हातांनी उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. गाडी पुढे गेली तिथे रुळाजवळ तेलाचा काळा पट्टा राहिला. फाटक पडलं, आणि थोड्या वेळाने मालगाडी गेली, सावकाश, तिला काहीच घाई नव्हती. दूधवाला हात पुसत म्हणाला, "बहनजी, जो काम न आता हो, वो करते क्यों हैं?" बाकीचे हसले. आई पदर सावरून उभी होती. ती म्हणाली, "गलती हो गई, भैया. क्लच ठीक से नहीं छूटा. माफ़ कीजिए." मी तिच्या मागे वह्या घेऊन उभी होते. तो आवाज आला त्याच क्षणी मला कळलं होतं कुठली चूक, कुठल्या रकान्यातली आणि कुणाची. मी एक शब्द बोलले नाही.

रेवाला हा भाग अजून सांगितलेला नाही. तिला वाटतं आजीच्या तरुणपणात सगळं बैलगाडीने चालायचं.

चचांनी चेंबरची चीर झाळून दिली, तेल भरलं, गाडी अंगणात परत आली. पण आईने चावी देवघरातल्या तांदळाच्या वाटीखाली ठेवून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "नको गं. माझं वय नाही ते." मंगळवारपासून पुन्हा रिक्षा, टेम्पो, रिक्षा. कडी रोज दोनदा. सरकारी खिचडी रोज. मी तोंड मिटून खिचडी खात होते, आणि तिला वाटायचं मी समजूतदार झाले.

शुक्रवारी अण्णा लाइनवरून आले. आईने त्यांना सांगितलं, आपल्याकडून चुकलं, गाडी विकून टाका. त्यांनी ऐकून घेतलं, गाडीखाली टॉर्च मारला, मग माझ्याकडे वही मागितली. पान बघितलं. फार वेळ बघितलं नाही. "हे भरलेलीचं कधी मोजलंस?"

"शनिवारी."

"चारही कोपरे बरोबर एकेक इंच खाली?"

"हो."

"कुंदा," ते म्हणाले, "तीस वर्षांत मी चारही कोपरे सारखे बसलेला डबा पाहिला नाही. माणसं अशी बसतच नाहीत." वही मिटून माझ्या हातात दिली. आई स्वयंपाकघरात होती, तिकडे त्यांनी नुसतं पाहिलं. "सांगायचं तुझं तू. मी सांगणार नाही." त्यानंतर ते त्या विषयावर बोललेच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, रडले असते, आणि त्या गडबडीत सांगायचं राहून गेलं असतं.

तरी मी अजून तीन दिवस काढले. शनिवार पाहुणे होते म्हणून, रविवार रविवार होता म्हणून. सोमवारी संध्याकाळी आई पायरीवर मटार सोलत बसली होती, पाय पुढे पसरलेले, घोटे सुजलेले. टेम्पोत जागा मिळाली नव्हती, उभी आली होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. मी स्वतःहून मटार सोलतेय म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? नापास?"

"आई, भरलेलं माप मी घेतलंच नव्हतं."

"कसलं माप?"

मी सांगितलं. रकाना, एक इंच, पंचेचाळीस किलो. गाडी तेवढा भार घेऊन त्या चढावरून जाऊच शकत नव्हती, कुणीही चालवली असती तरी. तिचे हात चालूच होते. शेंग फोडायची, अंगठा फिरवायचा, दाणे भांड्यात. आवाज मला अजून ऐकू येतो, टप टप टप.

"म्हणजे क्लच मी बरोबर सोडला होता."

"हो."

"गिअर?"

"बरोबर होता."

"आणि मी त्या दूधवाल्याची माफी मागितली तेव्हा तू माझ्या मागेच उभी होतीस."

"हो."

मग तिचे हात थांबले. मांडीवरची सालं तिने गोळा केली, उठली, आत गेली. मी तिथेच. बऱ्याच वेळाने आतून तिचा आवाज आला, रागाचा नव्हता, नुसता दमलेला. "आठवडाभर टेम्पोत उभी राहून मी तेच करत होते. एक, दाब, दोन, सोड. कुठे चुकलं ते शोधत होते." त्या रात्री तिने मटारची उसळ केली, आम्हाला वाढली आणि न जेवता झोपली. मला आयुष्यात मिळालेल्या शिक्षांत एवढी लांब शिक्षा दुसरी नाही. ती अजून पूर्ण व्हायची आहे.

गोणपाट खाटेखालून निघालं. चचांनी काही विचारलं नाही, साखळ्या बांधल्या, मला मागे सारलं, उंच स्प्रिंगा परत बसवल्या. गाडी पुन्हा उंटावर चढली. मी अंगणात फूटपट्टी आणि वही घेऊन वाट बघत बसले. कडी वाजली. आई आत आली, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. पर्स ठेवली नाही, चप्पल काढली नाही. वह्यांसकट, डब्यासकट सरळ जाऊन गाडीत बसली. "दळणाचा डबा आण," म्हणाली. आणला. "समई?" "ती रोज नसते, आई." "त्या दिवशी होती. आण." मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "आणि माझं वजन छप्पन्न किलो आहे. लिही." मी चारही चाकांपाशी गुडघे टेकून मोजलं. चारही मापं वेगवेगळी आली. आई आतून प्रत्येक आकडा दोनदा विचारत होती, वर्गात विचारावा तसा. शेवटचा लिहून झाला तेव्हा ती उतरेल म्हणून मी दार धरून उभी राहिले. ती समोर बघत बसली होती. मग म्हणाली, "वाटीखालची चावी आण."

त्या संध्याकाळी ती एकटी गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही, पण पुढच्या टायरच्या खाचेत रुळालगतची काळी खडी अडकली होती. जेवायला थालीपीठ नव्हतं. ते यायला अजून महिना गेला.

परवा रेवाच्या गाडीला त्या लाल स्प्रिंगा बसल्या. मी तिला सांगितलं, मोजताना मला आत बसव. ती म्हणाली, "आजी, इसकी ज़रूरत नहीं होती, सब कंपनी ने टेस्ट किया है." मी तरी बसले, पाच किलो आटा मांडीवर घेऊन. सेक्टरमधले लोक बघत होते. "मोज," मी म्हटलं, "आणि चारही आकडे सारखे आले तर खरं बोल." तिने मोजलं. वेगवेगळे आले. मला बरं वाटलं. तिला वाटलं आजीचं डोकं फिरलंय, आणि ते थोडं खरंही असेल.

आईने ती गाडी त्यानंतर बरीच वर्षं चालवली. माझं लग्न होईपर्यंत, ती शाळेतून निवृत्त होईपर्यंत, त्याच्याही पुढे. माझ्यावर राग धरला असं मी म्हणणार नाही. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फक्त मी बरोबर असले की त्या फाटकाच्या चढाआधी ती गाडी कडेला घ्यायची, हँडब्रेक ओढायची आणि समोर बघत म्हणायची, "उतर. तुझं वजन मी मोजलेलं नाही." ऊन असो, थंडी असो, कॉलेजच्या मैत्रिणी बघत असोत. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरायचे आणि रूळ पायी ओलांडायचे. ती पलीकडे इंजिन चालू ठेवून थांबलेली असायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा ती मला स्टेशनवर घ्यायला आली होती. फाटकापाशी गाडी थांबली. मी म्हटलं, "आई, आता तरी. माझं लग्न झालंय."

"मग वाढलं असेल," ती म्हणाली. "उतर."